कोंडाजीचं वळण

उंबरवाडीच्या स्टेशनात वाट चुकली तर लाज वाटून घेऊ नये. मी तिथे नोकरीला आहे, तरी सुरुवातीला स्वतःच चुकत होते आणि वर लोकांना "सरळ जा" म्हणून सांगत होते. तिथे सरळ असं काही नव्हतंच. खाली जुनी रेल्वे, पुणे-लोणावळा. तिचे फलाट इंग्रजांच्या वेळचे, पेरूच्या पाट्या आणि दुधाच्या किटल्या चढवायला बांधलेले. पुढे कारखाने आले, शिफ्टची माणसं आली, तेव्हा फलाट दोन्ही टोकांना वाढवले, म्हणून मधला भाग दगडी आणि कडेचा सिमेंटचा आहे. त्यांच्या डोक्यावर मेट्रो. आणि तिच्याही वर हिंजवडीकडून येणारी नवी मार्गिका तयार होत आली होती. या सगळ्यांना जोडणारा खालचा रस्ता मात्र एकच, आणि तो मध्येच कोपरात वाकवलेल्या हातासारखा वळलेला. या फलाटावरून त्या जिन्याकडे जायचं म्हणजे निव्वळ द्राविडी प्राणायाम.

त्या जागेला लोक 'कोंडाजीचं वळण' म्हणायचे. मी चौकशीच्या खिडकीत बसते. "कुठल्या येड्यानं बांधलंय हे?" असं रोज कुणीतरी येऊन विचारायचं आणि मी गोड हसून "सॉरी सर" म्हणायची. काय सांगणार? कोंडाजी म्हणजे माझे सासरे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

स्टेशन वाढवायचं ठरलं तेव्हा आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सगळं रान दिलं. विहीर बुजवायलाही हो म्हणाले. फक्त विहिरीच्या काठचा एक गुंठा दिला नाही. त्यावर एक उंबर होता आणि उंबराखाली साती आसरांचे शेंदूर फासलेले दगड. पाण्यात राहणाऱ्या या सात बहिणी. भर दुपारी त्यांच्या जागी जाऊ नये, असं इथली माणसं मानतात. मी जालन्याकडची. माझे वडील चाकणला कारखान्यात लागले म्हणून आम्ही इकडे आलो. आमच्या गावाकडे विहिरींना पाणीच नसतं, तिथे आसरा कुठून राहणार? म्हातारा भाव वाढवून मागतोय, असं इथलं गाव म्हणालं. लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच वाटलं. शेवटी कंत्राटदाराने तो गुंठा सोडून रस्ता वळवला आणि मध्ये जाळी लावली.

त्या वळणावर मात्र काहीतरी होतं, हे मीसुद्धा नाकारणार नाही. मे महिन्यात अंगाची लाही होत असताना तिथे ओल्या शेवाळाचा वास यायचा. विहीर बुजवून वर्षं झालेली, वर फरशी घातलेली, तरीही यायचा. आतल्या बाजूने गेलं तर चार पावलं वाचतात, पण गर्दी कितीही असो, माणसं बाहेरच्या भिंतीला घासून जायची. त्यांना कुणी सांगितलं होतं? परगावची, लॅपटॉप पाठीला लावलेली पोरं ती! झाडणाऱ्या बायका दुपारी तेवढी जागा सोडून पुढे सरकायच्या. मी एकदा मुद्दाम आतून गेले आणि पुन्हा गेले नाही. काही दिसलं नाही, पण आपण कुणाच्या तरी पायावर पाय दिला असं वाटलं.

तिथेच एका बाकावर माझ्या सासूबाई, शालनबाई, रोज दुपारी येऊन बसायच्या. शेजारी आबा. सासूबाईंना थोरली मुलगी होती, विजयश्री. माझा नवरा अजिंक्य जन्मला, त्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा ती गेली. सतरा वर्षांची होती. बाळंतपण सुखरूप झालं म्हणून सासूबाईंनी तिला आसरांची ओटी भरायला पाठवलं आणि ती परत आलीच नाही. कंपनीतल्या कुणाबरोबर तरी पळाली, असं आबांनी घरात सांगितलं. तेव्हापासून सासूबाई तिची वाट बघत होत्या.

"सगळ्या गाड्या हितंच मिळत्यात," त्या म्हणायच्या. "कुटं बी असू दे, एक ना एक दिस गाडी बदलायला हितंच उतरंल. दिसू दे नुस्ती, झिंज्या धरून घरी नेते. देवाचं नाव सांगून पळाली कुळबुडवी!"

शिव्या चालू असायच्या आणि नजर उतरणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यांवर. पिशवीत रोज एक भाकरी जास्तीची. आबा काही बोलायचे नाहीत. जाळीकडे पाठ करून बसायचे.

नवी मार्गिका सुरू व्हायची वेळ आली आणि वळण सरळ करायचा विषय पुन्हा निघाला. गर्दी वाढणार, चेंगराचेंगरी झाली तर जबाबदार कोण? अजिंक्यने या वेळी परस्पर होकार दिला. त्याचा जेसीबी भाड्याने देण्याचा धंदा, सगळीकडे ओळखी. पार्किंगजवळ संगमरवरी देऊळ बांधून मिळणार, सात कोनाडे, सातही बहिणींना वेगळा दिवा. आबा दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, "मशीन लावायचं न्हाई. न्यायच्या तर बायांच्या ओटीतनं न्या."

शुक्रवारी सकाळी आम्ही सात सवाष्णी हिरवी लुगडी-साड्या नेसून उंबराखाली उभ्या राहिलो. गुरवाने एकेक दगड उचलून एकेकीच्या पदरात दिला. पहिला सासूबाईंच्या, शेवटचा माझ्या. सगळे पदर भरले आणि गुरवाचा हात अडला. उंबराच्या मुळीत आणखी एक दगड होता. बाकीच्यांपेक्षा लहान. त्याच्यावर शेंदराचे थर कमी होते, पण तेलाने नुसता ओशट झालेला. कुणीतरी त्याला रोज हात लावत होतं.

"साती आसरा म्हणजे सात," अजिंक्य म्हणाला. "हा कुणीतरी जास्तीचा ठेवला असेल. काढा तो."

मजुराने तो दगड उचलून राडारोड्यावर भिरकावला. आबांच्या तोंडून असा आवाज निघाला की आम्ही सगळ्याच दचकलो. गुडघ्यांमुळे धड चालता न येणारा तो माणूस ढिगाऱ्यावर चढला, बसला, डोक्यावरची टोपी काढली आणि त्या दगडाला टोपीत घेतलं.

सासूबाई बघत होत्या. दगड कुणाचा, कसला, असं त्यांनी विचारलंच नाही. पदरातला दगड दोन्ही हातांनी धरून त्या म्हणाल्या, "ही कोण?"

"विजू," आबा म्हणाले. "आपली विजू हाय."

वरून मेट्रो गेली तिची धडधड पायात जाणवली.

"पळाली न्हाई ती," आबा खाली मान घालून बोलत होते. "ओटी भराया वाकली, पाय निसटला, हिरीत पडली. मी गेलो तवा वर आली व्हती. मीच काडली. रानात पाचट पेटवायचं व्हतंच, त्यातच तिला... धूर कुणाला येगळा वाटला न्हाई. राख हितं पुरली."

"त्यो धूर मी बाजंवरनं बघितला," सासूबाई म्हणाल्या. "ह्याला पाजत व्हते."

"तू ओली बाळंतीण. आदीची दोन लेकरं दूध आटून गेल्याली. तुला सांगितलं असतं तर तू अन्न सोडलं असतंस, मग ह्यो बी गेला असता. पळाली म्हनलं का तुला राग यील, असं वाटलं. रागानं मानूस जेवतं. मग सांगायचं ऱ्हाऊन गेलं. तू वाट बघाया लागलीस, मला तोंडच ऱ्हायलं न्हाई."

मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर संताप आला. आणि त्याच वेळी रडू आवरेना. अजिंक्य तर पार खचून खाली बसला. हे सगळं त्याच्या घोटभर दुधासाठी झालं होतं, ते ऐकून माणूस उभा तरी कसा राहील?

देऊळ झालं. गुरवाने काही न विचारता आठवी जागा केली. आम्ही घरी विजूताईंच्या नावाने दहावा-तेरावा उरकला, मागचं राहिलेलं. आबांशी सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण ताट मात्र वाढत राहिल्या. त्या रडल्याही नाहीत. मला त्याचीच भीती वाटत होती.

पावसाळा सरता सरता रस्ता सरळ झाला. नवी फरशी, पांढरे दिवे. शेवाळाचा वास गेला. माणसं पाणी सुटल्यासारखी थेट निघून जायला लागली, त्या जागेच्या अगदी मधून. खिडकीवर कुणी शिव्या देईना. उंबरवाडीला आता सगळ्यांना वाट सापडते.

एका दुपारी बघते तर सासूबाई गर्दीच्या मधोमध उभ्या. बाक काढून टाकलेला. लोक त्यांना धक्के देत जात होते. मी खिडकी सोडून धावले.

"आई, चला घरी. आता इथे कुणी उतरायचं नाही."

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी माझा दंड धरला. बोटं गार पडली होती. "उत्कर्षा, मी कुनाला बोलले न्हाई. ही हीर व्हती तवापासनं, मी आले का मला हाक यायची. 'आये' म्हणून. अगदी विजूचा आवाज. आमच्यात म्हणत्यात, आसरा आपल्या मानसाच्या आवाजात बोलवत्यात. ओ दिली का मानूस गेलं पान्यात. तान्हं पोर व्हतं माजं घरात. म्हणून मी तोंडात पदर कोंबून बसायची. मग पोर मोठं झालं तरी ती सवयच पडली. तिनं हाक मारायची आन् मी शिव्या द्यायच्या, म्हंजे ऐकू यायला नको."

मी त्यांना फक्त धरून ठेवलं.

"ती आसरा न्हवती गं. पोर व्हती माजी. येवडी वर्सं हाका मारून मारून थकली आसंल, आन् मी एकदा बी ओ दिली न्हाई."

लोणावळ्याची गाडी आली. फलाटावरून लोंढा आमच्या अंगावर आला आणि दोन्ही बाजूंनी निघून गेला. सासूबाईंनी मान तिरकी करून कान लावला होता. बराच वेळ. मग त्यांनी माझा हात सोडला.

"ओ," त्या मोठ्याने म्हणाल्या. चार माणसं थबकून बघायला लागली. "ओ विजू. हाय मी हितं. बोल."

कुणीही हाक मारलेली नव्हती. मी शेजारीच उभी होते.