टाचेवरचं अक्षर

परळीत स्टेशनच्या रस्त्याला बसप्पांचं लाकडी सामानाचं दुकान आहे. पुढं देव्हारे, पाट, पोळपाट मांडलेले असतात. मागच्या पत्र्याच्या शेडात मात्र जे काम चालतं ते सांगितलं तर गिऱ्हाइकाला खरं वाटत नाही. तिथं विजेवर वाजणाऱ्या गिटारच्या माना होतात.

मान म्हणजे गिटारचा लांब दांडा, वाजवणाऱ्याचा डावा हात जिच्यावर फिरतो ती. दिंद्रुडचा युवराज पुण्यात गिटारी बनवतो. पाच वर्षांमागं बसप्पांकडं तो आईसाठी देव्हारा घ्यायला आला, आणि मागं रचलेल्या जुन्या जिनिंग मिलच्या सागवानी तुळया बघून तिथंच उकिडवा बसला. ऐंशी वर्षं वाळलेलं लाकूड! "आप्पा, ह्याचा देव्हारा करू नका," तो म्हणाला. "देवाला दुसरं लाकूड द्या. ह्याच्या मला माना करून द्या."

तेव्हापासून बसप्पा, म्हणजे घरादाराचे आप्पा, माना करू लागले. दोन्ही लेक थर्मलच्या वीज केंद्रात कामाला, म्हणून शेडात आप्पांच्या हाताखाली थोरली सून जगदेवी आली. सागवानाच्या तीन चिपा एकमेकींना जोडायच्या, मधलीच्या शिरांची रेषा उलटी फिरवायची, म्हणजे एकीला वाकायची बुद्धी झाली तरी दुसरी तिला धरून ठेवते. पोटात खाच पाडून पोलादी सळई घालायची. तारांच्या ओढीनं मान वाकलीच तर ही सळई चावीनं पिळून ती सरळ करता येते. वरून शिसवीची पाटी डकवायची, पाटीवर सतारीसारखे बावीस पडदे ठोकायचे. सगळं जगदेवी शिकली. तिच्या तळव्याला लाकडातला केसाएवढा उंचवटाही कळायचा.

मानेचं खालचं टोक म्हणजे टाच. ती गिटारच्या अंगातल्या खोबणीत जाते, मागून चार स्क्रू बसतात. त्या टाचेवर शिसपेन्सिलीनं एकच अक्षर लिहायचं, असा आप्पांचा रिवाज. ज्याचा डिंक, त्याचं अक्षर. पाटी ज्यानं डकवली त्याच्या नावाचं. ते अक्षर वाजवणाऱ्याला कधी दिसत नाही, ऐकणाऱ्याला तर नाहीच. गिटार खोलली तरच दिसायचं. पण चार वर्षं प्रत्येक मानेच्या टाचेवर 'ज' लिहिताना जगदेवीला वाटायचं, वैजनाथाच्या पायरीवर आपलं नाव कोरलंय.

आणि मग धाकटी जाऊ शिवकन्या शेडात आली.

आली ती झाडायला. मग पडदे ठोकू लागली. जगदेवी एक पडदा चार घावांत बसवायची, ही दोनात, आणि वर कानस फिरवली की धार नावालाही राहायची नाही. आषाढात युवराज आला, एका मानेवर हात फिरवून म्हणाला, "आप्पा, ही कुणी केली? लोणी हाय लोणी." ती शिवकन्येची होती. आप्पा खुलले. "आता श्रावणात तीन माना हायत. त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत शिवकन्याच करील. अक्षरबी तिचंच. जगदेवी, तू पालिश बघ."

"बरं," जगदेवी म्हणाली.

एवढंच म्हणाली. त्या दिवशी भाकरी थापताना तव्यावर तीन करपल्या.

जगदेवी देवभोळी बाई. एकादशी, प्रदोष, शनिवार, काही चुकायचं नाही. श्रावणी सोमवारी तर तिचं मौन असायचं, अंघोळीपासून संध्याकाळी उपास सुटेपर्यंत. लग्नानंतर सासूला एकदा फटकन बोलली होती, त्याचं प्रायश्चित्त म्हणून धरलेलं. सासू गेली, मौन राहिलं. शेडात सोमवारी काम अडू नये म्हणून आप्पांनी तोड काढली होती. काही चुकताना दिसलं तर जगदेवीनं बाकड्यावर एकदा ठोकायचं. एक ठोका, की ज्याचा हात चालू असेल त्यानं थांबायचं. चार वर्षांत त्या ठोक्यानं दोन माना आणि आप्पांचं एक बोट वाचलं होतं.

दुसरा श्रावणी सोमवार. शिवकन्येच्या लग्नाला तिसरं वर्ष, म्हणून तिची शिवामूठ चालू होती. सकाळीच वैजनाथाला तिळाची मूठ वाहून आली, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, केस ओले. शेडात आल्या आल्या दारातल्या कोनाड्यात वैजनाथाच्या तसबिरीपुढं दिवा लावला. मग बाकड्यावर मान घेतली. सागवान आणि शिसव, दोन्ही लाकडं अंगानंच तेलकट, म्हणून डिंक लावायच्या आधी थिनरच्या फडक्यानं पुसावी लागतात आणि पुसल्यावर बोटसुद्धा लावायचं नसतं. शिवकन्येनं पुसलं. निगुतीनं, दोनदा. सळई खाचेत बसली आहे ना, बघितलं. शिसवीची पाटी उताणी ठेवली.

समोरच्या स्टुलावर जगदेवी माळ ओढत बसली होती. तोंडात नाव शिवाचं, डोळे मात्र त्या पाटीवर. कशी पुसती बघा. माझंच बघून शिकली, आणि माझ्याच डोळ्यांदेखत मिरवती. देवा, शंभो.

तेवढ्यात वारा आला आणि दिवा फडफडला. शिवकन्या पळत गेली, अंगठ्यानं वात पुढं सारली, पदराला हात पुसल्यासारखं केलं आणि परत आली. डिंक पसरायच्या आधी पाटीवर एक भुसकट दिसलं, ते तिनं अंगठ्यानं टिपलं. पाटीच्या मधोमध, दाबून.

जगदेवीनं बघितलं. तो अंगठा तेलाचा होता.

माळ थांबली. उजवा हात बाकड्यापासून वीतभर होता. एक ठोका, बस्स. शिवकन्येनं डिंकाचा ब्रश उचलला आणि मान वर करून जाऊबाईंकडं बघितलं. नेहमीसारखंच बघितलं, पान उलटायच्या आधी लेकरू मास्तरांकडं बघतं तसं. जगदेवीनं डोळे मिटले. माळेचा पुढचा मणी ओढला.

डिंक पसरला. पाटी बसली. क्लॅम्प आवळले गेले.

मला आज मौन आहे, ती मनात म्हणाली. व्रत मोडायचं का मी?

संध्याकाळी उपास सोडताना तिनं पहिला घास मोडून तसाच ताटात ठेवला. आप्पांनी विचारलं, "कावून गं, बरं न्हाई का?" "उपासानं पित्त झालं असंल," ती म्हणाली. आणि आप्पा धाकटीला म्हणाले, "शिवकन्या, थोरलीला ताक दे." ते ताकसुद्धा तिच्याच हातचं.

मंगळवारी क्लॅम्प निघाले. जोड बाहेरून चकचकीत, कुठं फट नाही. बुधवारी-गुरुवारी शिवकन्येनं मानेची पाठ रंध्यानं घडवली, बावीस पडदे ठोकले आणि टाचेवर 'शि' लिहिलं. लिहून बराच वेळ ती ते बघत राहिली. जगदेवीला वाटलं, असं चार वर्षांमागं आपणबी बघितलं होतं. लगेच मनात आलं, आपण काय एवढ्या येड्यासारखं न्हाई बघितलं.

शुक्रवारी तिन्ही माना पॉलिशसाठी तिच्यापुढं आल्या. रविवारी युवराज न्यायला येणार होता. पाठीवर बारीक पॉलिश पेपर फिरवत ती त्या मानेपाशी आली आणि न राहवून तिनं पाटीवर बोटाची टिचकी मारली. पहिल्या पडद्यापाशी टण्ण. तिसऱ्यापाशी टण्ण. सातव्यापाशी बद्द.

पुन्हा मारली. बद्द.

आत पोकळी होती, आणि ती हिला एकटीला ठाऊक होती. आप्पांचा उजवा कान बसलेला, डावाही मंद, त्यांना कळणार नाही. युवराज मान नेईल, तारा चढवील, वाजेलही. मग कधीतरी, पुण्यात म्हणा, कुठल्या कार्यक्रमात म्हणा, तारांच्या ओढीनं पाटी सुटायला लागेल. गिटार खोलतील. टाच बघतील. टाचेवर 'शि'.

तिच्या मनात गोड काहीतरी पाझरलं. लपवून खाल्लेल्या गुळासारखं. त्या गोडाची चव कळल्यावर मात्र ती दचकली. कपाळावर भस्म आणि जिभेवर हे! आज शुक्रवार होता. आज मौन नव्हतं. आज तोंड बंद ठेवलं तर ते कुठल्या देवाच्या नावावर लावायचं?

"शिवकन्या," तिनं हाक मारली. "हिकडं ये. इथं टिचकी मार."

शिवकन्येनं मारली. तिचा चेहराच उतरला. पुन्हा मारली, शेजारी मारली, पुन्हा तिथंच मारली. "अक्का, डिंक न्हाई धरला इथं." मग डोळ्यांत पाणी आलं. "असं कसं? मी तर दोनदा पुसलं होतं. तुमच्याकडं बघूनच डिंक लावला, तुमी ठोकलं न्हाई, म्हणलं सगळं नीट असंल. तुमी बघत असल्या की मी निर्धास्त असते."

जगदेवीनं हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

"मी बघितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"वात सारलेला अंगठा तू पाटीला लावलास. मला दिसलं. मी ठोकलं न्हाई."

बाहेर कोळशाची मालगाडी गेली, डबे संपता संपेनात. शिवकन्या रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर जगदेवीला हलकं वाटलं असतं. पक्कड घेऊन ती पडदे उपसायला बसली. दोन घावांत बसवलेला एकेक पडदा, आता एकेक करून बाहेर. सतरा-अठरा झाल्यावर मान वर न करता म्हणाली, "इस्त्री गरम करा, अक्का."

जगदेवीनं इस्त्री तापवली. पाटीवर फडकं टाकून ती फिरवायची, डिंक मऊ झाला की पातळ सुरी सरकवायची. एकीनं इस्त्री धरली, दुसरीनं सुरी. बोलणं एवढंच, "हळू", "थांबा", "आता". अर्ध्या तासानं पाटी सुटली.

सगळीकडं डिंकाचा पांढरा थर होता. मधोमध मात्र काळं, कोरडं शिसव उघडं. अंगठ्याएवढं. अंगठ्याच्या आकाराचं. रेघासुद्धा दिसत होत्या.

"काय चाललंय?" दारातून आप्पा आले. उघडी मान बघून जागीच थांबले. "अरं देवा. कावून खोलली?"

जगदेवीनं तोंड उघडलं. पण ती बोलायच्या आधीच शिवकन्या बोलली. "तेल लागलं होतं आप्पा, माझ्याच हाताचं. दिव्याचं. अक्कानं टिचकी मारून धरलं, न्हाईतर तशीच पुण्याला गेली असती."

एक अक्षर खोटं नव्हतं. आणि जगदेवीबद्दल एक अक्षर वाईट नव्हतं.

जगदेवी पेटली. पडदा हिचा बरा, कानस हिची बरी, आणि आता मनसुद्धा हिचंच मोठं? मला काही ठेवणार का न्हाई ही? सासू गेली त्या दिवशीसुद्धा तिला इतकं उघडं पडल्यासारखं झालं नव्हतं.

"अर्धं सांगती ती," जगदेवी म्हणाली. "सोमवारीच मला दिसलं होतं आप्पा. बाकडं वीतभर लांब होतं. मी ठोकलं न्हाई. मौनाच्या आड बसले."

आप्पांनी डावा कान पुढं केला, जणू नीट ऐकू आलं नाही. पण ऐकू आलं होतं. त्यांनी त्या अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "शिवाला मौन चालतं, पोरी. लाकडाला न्हाई चालत." कानावरची शिसपेन्सिल काढली. जगदेवीला क्षणभर आशा वाटली, अक्षर पुन्हा आपल्याकडं येईल; खोटं कशाला बोलावं. आप्पांनी पेन्सिल शिवकन्येपुढं ठेवली. "पुन्हा डकव. रविवारी युवराजला सांगतो, दोन आत्ता ने, तिसरी पुढच्या खेपेला."

पुढचा सोमवार मुगाच्या मुठीचा. जगदेवीनं मौन धरू का सोडू, असा पहाटे विचार केला, आणि धरलं. शेडात येऊन स्टुलावर बसली. शिवकन्या वैजनाथाहून आली, दिवा लावला, नळावर साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत. मग लाकडी हातोडी उचलून जाऊबाईंच्या मांडीशी, बरोबर उजव्या हाताला लागेल अशी ठेवली.

"आता वीतभरबी लांब न्हाई अक्का," ती म्हणाली. हसून म्हणाली की टोचून, ते जगदेवीला कळलं नाही. सोमवार होता, विचारताही येईना.

पाटी थिनरनं पुसली गेली. सळई बघितली गेली. वारा आला, दिवा फडफडला, शिवकन्येनं तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ब्रश उचलून तिनं मान वर केली आणि जगदेवीकडं बघितलं.

जगदेवीचा हात हातोडीवर होता. डोळे उघडे होते. पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं कसून बघितलं, एकदा, दोनदा, कुठं एवढंसं तरी सापडावं म्हणून.

ठोकण्यासारखं काहीच नव्हतं.

तिनं मान डोलावली. शिवकन्येनं डिंक लावला.