फीत बांधलेलं झाड

श्रीगोंद्याजवळच्या मळ्यात विषाणूनं मिरचीची पानं पार आकसून गेली होती. रोगाला दाद न देणारं एकच झाड हिरवंगार उभं होतं! पुढच्या वर्षी त्याचंच बी लावायचं, म्हणून मोनिकानं त्याला फीत बांधली. मिरच्या लाल व्हायचीच ती वाट बघत होती. पण शाळेतून येऊन बघते तर झाडावर एक मिरची नाही! ती तडक घरी काकूकडे गेली.

“काकू, मिरच्या कुठायत?”

“ठेचा केला की! फितीच्या झाडावर फवारा मारायचा न्हाई, तूच म्हणली हुतीस. मग घरात खायला तीच बिनऔषधाची बरी!”

“अगं, बियाण्याच्या होत्या त्या!”

“मग तोंडानं सांगायचंस की! फितीला काय वाचा फुटती व्हय?”

मोनिका धुसफुसत मळ्यात परतली. झाडाला दोनच फुलं उरली होती. तिनं पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं, ‘काकू, हात लावू नको!’