बावीची खालची पायरी

"हलू नको, मेल्या. तुटला तर पाय जाईल," हौसा म्हणाली आणि भागोजीच्या घोट्यातून लोंबणाऱ्या पांढऱ्या दोऱ्याचा आणखी एक वेढा तिनं झाडूच्या हिरावर घेतला.

दोरा म्हणजे नारू. शिजलेल्या शेवईसारखा ओला, पण जिवंत. रोज चार बोटं गुंडाळायचा, जास्त ओढायचा नाही. जखमेतून पू येत होता, त्यावर माशा घोंघावत होत्या. पंचवीस वर्षं हौसा हे काम करत आली होती. तिला एकदाही किळस आली नव्हती.

गावात तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. तो एकदाच चुकला, स्वतःच्या मुलाच्या पायावर. शिवाच्या गुडघ्यापाशी नारू आत तुटला, पाय पिकला आणि गुडघा कायमचा आखडला. त्याच्या बरोबरीचे मुंबईला गिरणीत लागले. शिवा घरी काथ्या वळत बसे.

ओट्यावर आरोग्य खात्याचा माणूस बसला होता. आडनाव पाध्ये, वय पंचविशीच्या आत. गावोगावच्या विहिरी तपासायला रत्नागिरीहून आलेला. सकाळपासून तो तिचे हात बघत होता.

"बाई, नारूचं तोंड बाहेर यायच्या आधी काय करता?"

"काय करायचा? पायाची नुसती आग होते. मग मी सांगतंय, बावीच्या खालच्या पायरीवर जा, पाण्यात पाय सोडून बस. आग थांबते नि हा आपसूक तोंड काढतो. माजी आयपन असाच करी."

"त्याच बावीचं पाणी पिता?"

"मग काय खाडीचा पितील, सायब?" भागोजी खिदळला.

पाध्ये हसला नाही. त्यानं जखमेवर पाणी सोडलं. नारूच्या टोकातून दुधासारखं काहीतरी पाझरलं. ते त्यानं काचेच्या बशीत धरलं आणि भिंग हौसाच्या हातात दिलं.

दूध वळवळत होतं. केसाच्या टोकाएवढे तुकडे वाकत होते, सुटत होते, एकमेकांवर चढत होते. मोजता येणार नाहीत इतके.

"ही मादी. पोटात हजारो पिल्लं," पाध्ये म्हणाला. "पाणी लागलं की ती सोडते. बावीत पिठाच्या कणाएवढे किडे असतात, ते ही पिल्लं गिळतात. पाण्याबरोबर ते किडे आपण पितो. वर्षानं नवी मादी पायात उतरते. आग तीच लावते, बाई! तिला पाणी हवं असतं आणि आग झालेला माणूस पाण्याकडेच धावतो. हजारो पिढ्या आपल्या अंगात काढून तिनं आपली सवय ओळखली आहे..." हौसाच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि तो थांबला.

"म्हंजे ह्यो मना बावीवर नेतो? बैलासारका?" भागोजीनं विचारलं.

"तो न्हाय रे," हौसा म्हणाली. "मी नेतंय."

ती उठून परसात गेली आणि भडभडून ओकली. राखेनं तीनदा हात घासले, तरी नखांखाली काहीतरी हलतंय असं वाटत राहिलं. पेजेची वाटी पुढ्यात आली आणि तो पांढरा रंग बघून तिनं ती दूर सारली. शिवाला नारू झाला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात बावीवर कोण बसलं होतं? काशी. धोंडू. दोघांनाही तिनंच पाठवलं होतं. आणि त्याच बावीची घागर रोज भरून आणली होती तीही तिनंच.

"शिवा, तुजा पाय नारू तुटल्यानं गेला न्हाय. त्याच्या आदीच मी घालवला."

शिवानं काथ्यावरून नजर काढली नाही. "तूपन तीच बाव प्यायलीस ना, आये?"

पाध्ये जाताना सांगून गेला होता: खाली कुणी उतरायचं नाही, पाणी वरून दोरीनं काढायचं, फडक्यानं गाळायचं. दुसऱ्या दिवसापासून हौसा काठी घेऊन वरच्या पायरीवर बसू लागली. बायका चिडल्या.

"इतकी वर्सं खाली धाडलीस, नि आता गं काकी?" दमयंती म्हणाली.

"व्हय, धाडलं मी," हौसा म्हणाली. "म्हनून तर बसल्येय."

आठव्या दिवशी तिच्याच घोट्यावर फोड आला. दुपारपर्यंत पाय निखाऱ्यात धरल्यासारखा झाला. खाली हिरवं, गार पाणी दिसत होतं. दहा पायऱ्या. सगळं अंग तिकडे ओढ घेत होतं आणि ती ओढ आपली नाही, हे कळल्यावर तिला स्वतःच्या पायाचीच शिसारी आली.

"शिवा, घरातला जुना टोप आन. पानी घालून."

शिवा लंगडत टोप घेऊन आला. तिनं पाय आत सोडला. फोड फुटला, पाणी दुधाळ झालं. तिनं डोळे मिटले नाहीत. मग टोप उचलून, एका पायावर भार देत, ती बावीपासून दूर तापलेल्या कातळावर गेली आणि पाणी ओतलं.

कातळ चर्रकन ओला झाला. ती त्यावर थुंकली आणि डाग पुरता आटेपर्यंत उन्हात बसून राहिली. घोट्यातून बोटभर पांढरा दोरा बाहेर आला होता. तिनं कनवटीचा हीर काढला.

मागे बावीवर दोरीला बांधलेली कळशी खाली जात होती. खालची पायरी कोरडी होती.