मेसेज नकोत

तिने ओट्यावरचं फडकं पिळून दांडीवर टाकलं, हात पदराला पुसले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन फोनांकडे पाहिलं. जुन्याची अर्धी काच काळी पडली होती. नवऱ्याच्या हातून तो लिफ्टच्या खड्ड्यात पडला, तेव्हापासून वरचा भाग तेवढा दिसायचा. खाली बोट लावलं तर काहीतरी उघडायचं, पण काय उघडलं ते मात्र दिसत नसे. नव्या फोनवर गोल चक्र फिरत होतं आणि नवरा त्याकडे, एखाद्या लिफ्टची वाट पाहावी तसा, टक लावून बसला होता.

"नंबर घेतले, फोटो घेतले," तो म्हणाला. "मेसेज नकोत."

"का?"

"जुनं काय करायचंय? उगाच जागा अडते."

"जागा भरपूर आहे म्हणून तर हा घेतलात. कालपासून तेच ऐकतेय मी."

"अगं, कचरा असतो सगळा. लॉटरी लागली, खातं बंद होणार, हप्ता भरा. नकोच ते."

त्याने मेसेजसमोरची खूण पुसली. तिचं लक्ष खिडकीतल्या बरणीकडे गेलं. त्या बरणीत वाकलेले, गंजलेले, आटे गेलेले स्क्रू होते. कधी लागले तर, म्हणून त्याने ते वर्षानुवर्षं जपले होते. तुटकी चप्पलसुद्धा न टाकणारा हा माणूस, आणि मेसेजच तेवढे याला नकोसे झाले?

तेवढ्यात कंपनीने दिलेला त्याचा साधा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट मधेच अडकली होती आणि आत माणसं होती. त्याने भिंतीला टेकवलेली हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

"आपोआप होईल ते. हात लावू नकोस," दारातून तो म्हणाला.

त्याची पावलं जिना उतरत गेली. सगळ्या गावाच्या लिफ्ट चालू ठेवणारा माणूस राहत होता तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं शेजारीपाजारी हसून म्हणत. एरवी तीही हसायची.

आज ती खुर्ची ओढून फोनसमोर बसली.

ती एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होती. धुवायला आलेल्या कपड्यांचे खिसे रिकामे करणं हे तिचं काम. तिकिटं, चाव्या, औषधाच्या गोळ्या, चिठ्ठ्या, काय वाट्टेल ते निघायचं. पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं की खिशातलं काढायचं, पाकिटात घालायचं, वाचायचं नाही. ज्याचं त्याला परत. इतक्या वर्षांत तिने हा नियम एकदाही मोडला नव्हता. कुणाची घडी घातलेली चिठ्ठी हातात आली की ती मान फिरवून पाकिटात सरकवायची. कपडा बोलतोच थोडंफार, पण आपण कान द्यायचा नाही, असं ती नव्या मुलींना सांगायची.

घरातल्या कपड्यांना मात्र हा नियम लागू आहे का, हे कुणी सांगितलं नव्हतं.

संशय काही आजचा नव्हता. गुरुवारी नवऱ्याची सुट्टी असायची आणि ती कामावर. गेले काही महिने गुरुवारी संध्याकाळी घरी आल्यावर तिला घर वेगळंच वाटायचं. स्वतःचा कप कधी न विसळणाऱ्या नवऱ्याने दोन कप धुऊन मांडलेले असायचे. त्यातल्या एकाचा कान नेहमी डावीकडे असायचा. ती तो उजवीकडे फिरवून ठेवायची आणि पुढच्या गुरुवारी तो पुन्हा डावीकडे. खुर्चीच्या पाठीला मलमाचा वास यायचा. स्वयंपाकघरातला लाकडी स्टूल जागचा हललेला असायचा आणि त्याच्या पायांना जिन्यातली धूळ लागलेली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तर एकदा विचारलंच होतं, "तुमचा स्टूल परवा जिन्यात कशाला होता हो?" तिने रंगकाम चाललंय असं ठोकून दिलं. घरात रंगाचा डबा नव्हता, हे त्या बाईंना माहीत होतं.

नवऱ्याला सरळ विचारायला तिची जीभ रेटली नव्हती. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. रोज रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाबद्दल असं काही ऐकायचं, तर आधी आपल्या पायाखाली जमीन आहे की नाही ते पाहायला हवं. तिला तर माहेर म्हणावं असंही काही उरलं नव्हतं.

नव्या फोनवर अक्षरं उमटली. नंबर आले, फोटो आले, आणखी काही आणायचंय का?

तिने मेसेजसमोर बोट ठेवलं. खूण उमटली. मोठ्या बाई मागे उभ्या असाव्यात तशी तिची मान आखडली.

आधी तिने नुसतीच नावं पाहिली. नवऱ्याची नावं लिहिण्याची तऱ्हा सगळ्यांना ठाऊक होती. माणसांची नावं त्याच्या लक्षात राहायची नाहीत, बिघाड राहायचे. 'पिवळी बिल्डिंग, दार लागत नाही.' 'डॉक्टर, आवाज येतो.' 'शाळेसमोर, मधेच थांबते.' ती स्वतः 'घर, चटकन तापतं' अशी होती. हे वाचून पूर्वी तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. त्या फोनात प्रत्येकाला काही ना काही झालेलं होतं. एकाच नावापुढे काही नव्हतं. तिथे फक्त 'गुरुवार' होतं.

नंबर ओळखीचा वाटला नाही. हल्ली कुणाचा नंबर पाठ असतो? मेसेज यायला लागले होते. नवे आधी आणि जुने त्यांच्या मागून, हळूहळू.

'ती गेली का?'

'गेली. या.'

'बस मिळाली आहे.'

'दार ढकला, उघडंच आहे.'

मग त्याच्या आधीच्या गुरुवारचे.

'कप धुऊन जागेवर ठेवला आहे. तिला कळू देऊ नका.'

'नाही कळणार. पुढच्या गुरुवारी वाट बघतो.'

म्हणजे आपल्याच घरात, आपल्याच कपांतून! 'वाट बघतो' म्हणे. तिची वाट त्याने शेवटची कधी पाहिली होती? आणि वर 'या' काय, 'ढकला' काय, मान तरी केवढा! कुणी मोठ्या घरची असावी. बसने येणारी मोठ्या घरची कशी असेल, हा प्रश्न तिला पडला, पण संशयाला हिशेब जुळवत बसायची सवय नसते.

फोन वाजला. नवाच वाजत होता; कंपनीच्या फोनवरून नवरा बोलत होता.

"झालं का?"

"होतंय."

"इकडे वेळ लागेल. एक आजी आत अडकल्यात, घाबरल्यात फार. बोलत बसलोय त्यांच्याशी दाराआडून." तो थांबला. "तू कशाला हात नाही ना लावलास?"

"मी कशाला लावू?"

तिने फोन ठेवला. आपण खोटं बोललो याचं तिला काही वाटलं नाही. खोटं बोलायला या घरात आपण सगळ्यात शेवटी शिकलो, एवढंच मनात आलं.

आता त्याआधीचे मेसेज आले होते.

'आज दोन मजले चढलो. गुडघा पुढे जाऊ देईना. तिथूनच परत फिरलो.'

'सांगायचं नाही का! पुढच्या वेळी दुसऱ्या मजल्यावर स्टूल ठेवतो. बसत बसत या.'

तिने ते पुन्हा वाचलं. म्हणजे हा बाप्या होता, म्हातारा, गुडघेदुखीवाला. क्षणभर तिला हायसं वाटलं आणि लगेच संशयाने कूस बदलली. बायको कामावर गेल्यावर हा कोण म्हातारा चोरून घरात येतो? कशासाठी? हा काय विकायला निघालाय, कशावर सह्या करतोय? तिने मान वर केली. समोर फळीवर कप होते. ते तिने आज सकाळीच पुसून, कान उजवीकडे करून ठेवले होते.

कान डावीकडे. मलमाचा वास.

तिच्या ओळखीत एकच माणूस डाव्या हाताने चहा प्यायचा.

ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आई गेली त्या वर्षी ती या गावात नवीन होती. आई आजारी होती आणि ती फोन करायची तेव्हा वडील म्हणायचे, "बरी आहे गं, किरकोळ आहे. तू येऊ नकोस." मग एके दिवशी "ये" म्हणाले. ती पोचली तेव्हा घरात फक्त धुतलेली फरशी होती. ओल्या फरशीवर उभी राहून तिने वडिलांना सांगितलं होतं, "माझ्या दारात पाऊल ठेवू नका." त्यांचा नंबर परतीच्या बसमध्येच पुसून टाकला होता. हे सगळं नवऱ्याला माहीत होतं. त्याच्याच खांद्यावर तर ती रडली होती. आणि तोच त्यांना दार उघडून देत होता! दोघांनी मिळून पुन्हा तेच चालवलं होतं. तिला कळू देऊ नका.

एखादी बाई असती तर निदान भांडता आलं असतं.

मागे फोन टुणकन वाजला. सगळे मेसेज आले होते. आता पुढचं वाचायचं नाही, तोंडावरच फेकायचा हा फोन त्याच्या, असं ठरवून ती टेबलाशी आली. आणि उभ्या उभ्याच अगदी पहिल्या मेसेजवर गेली.

'मी तिचे वडील. तुमच्या घरासमोरच्या बाकावर बसलो आहे. वर येणार नाही. ती कामावर जाताना दिसली. बारीक झाली आहे. तब्येत ठीक आहे ना, एवढंच कळवा.'

'ठीक आहे. पण आधी एका गोष्टीचं उत्तर द्या. तिला आईबद्दल का कळवलं नाहीत? झोपेत अजून दचकून उठते ती. मी बघतो रोज.'

याच्यानंतरचं उत्तर दुसऱ्या दिवसाचं होतं. म्हाताऱ्याने रात्र घेतली होती.

'तिच्या आईने शपथ घातली होती. लॉन्ड्रीतली नोकरी नवीन आहे, रजा घेतली तर काढून टाकतील. पक्की होईपर्यंत कळवायचं नाही. मी ऐकलं. वाटलं, वेळ आहे अजून.'

'मग हे सांगा ना तिला!'

'नको. आईवर रागावेल. माझ्यावर राग आहे तोच बरा. झेलायला मी आहे अजून. ती नाही.'

आणि त्याखाली, बऱ्याच वेळाने, नवऱ्याने लिहिलं होतं:

'वर या.'

ती खुर्चीवर बसली. रडू येईल असं तिला वाटलं, पण ते आलं नाही. लॉन्ड्रीतल्या त्या लांब टेबलाशी उभ्या असलेल्या, नोकरी पक्की झाल्याचा कागद घरी दाखवायला उतावीळ झालेल्या स्वतःलाच ती पाहत राहिली.

जिन्यात पावलं वाजली. नवरा आत आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे झाले होते.

"सुटल्या आजी," तो म्हणाला. "बाहेर आल्या आणि आधी मलाच रागावल्या. झालं का सगळं?"

"झालं."

"सगळं?"

"सगळं."

त्याने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पिशवी खांद्यावरून काढायची त्याला आठवण राहिली नाही.

"मी सांगणारच होतो."

"कधी?"

तो स्टूल ओढून बसला. स्टूल एका बाजूला कलला.

"सगळे माझ्यापासून लपवतात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि त्यानेच तो जास्त घाबरला. "आई, बाबा, आता तुम्ही. सगळे माझ्या भल्यासाठी. मला एकदा तरी कुणी विचारायचं होतं, मला काय हवं होतं ते."

"चुकलं."

"चुकलंच."

नव्या फोनचा पडदा उजळला. मेसेज होता, नुकताच आलेला.

'उद्या येऊ का? ती कामाला जाणार ना?'

दोघांनीही तो वाचला. त्याने काळे हात पँटला पुसले, पण फोन उचलला नाही.

"काय लिहू?" त्याने विचारलं.

ती उठली. ओट्यावरचं फडकं घेतलं, टेबल पुसलं. पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं.

"खरं ते लिहा. कामाला जाणार आहे."

त्याने एका बोटाने लिहिलं. पाठवायला गेला.

"थांबा, झालं नाही," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत बसा म्हणावं. ती येईपर्यंत."

तो तिच्याकडे पाहत राहिला.

"माझ्याकडे काय बघता? लिहा. आणि उठा त्या स्टुलावरून, पाय डुगडुगतोय त्याचा. आधी तो ठोकून द्या, म्हातारं माणूस बसतं त्यावर."