कांद्याचा पापुद्रा

“डोळा मिटू नकोस, आक्का. एकच लाव, दुसरा उघडा असू दे.”

आवडाबाईंनी नळीला डोळा लावला. नखाएवढा कांद्याचा पापुद्रा, पण आत घरांची आळीच्या आळी, भिंतीला भिंत लागून. हरिहर, त्यांचा धाकटा भाऊ, ठाण्याच्या शाळेत मास्तर होता. मुंबईहून त्याने हे सूक्ष्मदर्शक यंत्र आणलं होतं. तो कानाशी समजावत होता : या एकेका घराला पेशी म्हणायचं. भिंत आकार धरते, आत पातळ जीवनरस, आणि तो गोल ठिपका म्हणजे केंद्रक, घरातला कर्ता.

“कर्ता कडेला का सरकलाय?”

“मधली सगळी जागा पाण्याच्या पोकळीनं व्यापलीय ना.”

काल त्याने मासुंद्याच्या तळ्यातलं शेवाळ दाखवलं होतं. त्यातले हिरवे कण उन्हावर अन्न तयार करतात, हे ऐकून आवडाबाई हसल्या होत्या. म्हणजे ते सैपाकघर म्हण की. आज त्यांनी विचारलं, कांद्यात ते का दिसत नाही? जमिनीखाली ऊन नाही, म्हणून, हरिहर म्हणाला. वर पातीत शिजतं, ते खाली साठतं.

दहाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेल्या बाईला असं कुणी काही समजावून सांगत नसतं. हरी सांगायचा, म्हणून त्याच्यावर त्यांचा फार जीव.

तेवढ्यात जिन्यावर वडिलांच्या, अण्णांच्या खडावा वाजल्या. श्रावण चालू होता. चातुर्मासात कांदा घरात आला तर यंत्र तळ्यात बुडवीन, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. हरिहरने उरलेला अर्धा कांदा बहिणीच्या हातात कोंबला. “लपव.” त्यांनी तो आलवणाच्या ओच्यात खोचला.

वास कुठे लपतो? अण्णा दारातच थबकले. आवडाबाई गडबडीने उठल्या आणि कांदा ओच्यातून निसटून अण्णांच्या पायाशी गडगडला.

“आवडे, हे काय?”

त्यांनी भावाकडे पाहिलं. हरिहर यंत्रावर फडकं टाकत होता.

“मला काय माहीत, अण्णा,” तो म्हणाला.

विधवेने चोरून कांदा खाल्ला, असाच त्याचा अर्थ झाला. गोमूत्र, उपास, सगळं झालं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण सोवळ्यातला सैपाक सुटला. अण्णा इतकी वर्षं फक्त त्यांच्या हातचं जेवत, त्या घरात त्यांचा मान तेवढाच होता. आता नैवेद्य भावजय मंदाकिनी रांधू लागली आणि आवडाबाई पडवीत तांदूळ निवडत बसल्या. चातुर्मास संपला की मी सांगतो, असं हरिहर एकदा पुटपुटला होता. कार्तिक गेला, पौषही गेला. तो पडवीतून जाताना मान खाली घालू लागला, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

माघात शाळा तपासायला आलेले रावसाहेब यंत्र पाहायला घरी आले. एवढा मोठा माणूस येणार म्हटल्यावर अण्णांनी माडीवर कांदा चिरायलासुद्धा हरकत घेतली नाही. आवडाबाई निवडलेले तांदूळ माडीवरच्या कणगीत ओतायला गेल्या, तर भाऊ रंगात येऊन बोलत होता. शेवाळातले हिरवे कण म्हणजे पेशीचं सैपाकघर म्हणा ना. रावसाहेबांनी या उपमेला दाद दिली. हरिहरने मान लववून ती घेतली. मग अण्णांनी स्वतः नळीला डोळा लावला आणि वा, वा म्हणाले.

आवडाबाई दारातच उभ्या राहिल्या. माझा कांदा पाप, आणि याचा विद्या.

बहिणीला दारात पाहून हरिहर कौतुकाने म्हणाला, “ये आक्का, भिऊ नकोस. तूही बघून घे.”

“मी पाहिलंय, हरी,” त्या शांतपणे म्हणाल्या. “श्रावणात. तू उरलेला अर्धा माझ्या हातात दिलास, त्या दिवशी.”

अण्णांनी नळीवरचा डोळा सावकाश उचलला. हरिहर खाली वाकून यंत्राचा आरसा फिरवू लागला. खिडकीतून ऊन थेट येत होतं, तरी त्याला उजेड सापडेना.

मेजावर अर्धा कांदा उरला होता. आवडाबाईंनी तो उचलला आणि ओच्यात न खोचता, उघड्या तळहातावर धरून सगळ्यांच्या देखत जिना उतरून गेल्या.