न भांडणाऱ्या जावा

पुस्तकाला प्रकाशक मिळवून देणाऱ्या साहित्यिक एजंटाला पत्र कसं लिहावं याचे नियम ज्यानं काढले, त्यानं स्वतः कधी कादंबरी लिहिली नसणार. आधी एजंटाची स्तुती करा, मग अख्खी कादंबरी तीन वाक्यांत सांगा, मग आपण कोण ते सांगा, पण फार नको. अहो, तीन वाक्यांत सांगता आली असती तर मी एवढी पानं कशाला खरडली असती?

तरी लिहिली पत्रं. 'आदरणीय' म्हटलं, 'आपला अमूल्य वेळ' म्हटलं. कुणी वाटाण्याच्या अक्षता लावल्या, बाकीचे ढिम्म. प्रत्येक नकारावर थोरल्या जाऊबाई त्या एजंटाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या आणि म्हणायच्या, "पुढचा शोध."

आमची लाँड्री आहे. काउंटर माझा, इस्त्री दोघींची. पण दुपारी त्या मला मागच्या खोलीत पिटाळायच्या आणि माझ्या वाटचे शर्टही स्वतःच करायच्या. गाठोड्यांना टेकून मी कादंबरी लिहिली ती तिथेच. आणि आहेही ती दोन जावांचीच, नवरे नुसते सल्ले देत असताना दुकान ओढणाऱ्या.

काल एका एजंटबाईंचा फोन आला. पुस्तक आवडलं होतं!

"फक्त एक करा," त्या म्हणाल्या. "जावा जावा आणि उभा दावा, असं म्हणतात ना? तुमच्या भांडतच नाहीत. थोरलीला खाष्ट करा. धाकटीचं लिखाण तिनं जाळावं, असं काहीतरी. मग मी घेते. नाहीतर सरळ बहिणी करून टाका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहिणी? बहिणीनं जीव लावला तर त्यात नवल ते काय? इथे दोन परक्या घरच्या पोरी एका चुलीपाशी आल्या आणि एकमेकींच्या झाल्या, हीच तर माझी गोष्ट! "भांडणच हवं असेल तर माझ्याशी भांडा," म्हटलं आणि फोन ठेवला.

जाऊबाईंनी इस्त्री उभी केली. मी सगळं सांगितलं. वाटलं, पाठ थोपटतील.

"ती हो म्हणत होती?"

"तुम्हाला कजाग करून, ताई!"

"मग करायचं की! मला विचारलंस?" त्यांचा आवाज चढला. "पाय सुजेस्तोवर इथे उभी राहिले, ती काय पुस्तकात चांगली दिसायला? पुस्तक निघावं म्हणून, बयो! लाव फोन."

"मेले तरी लावणार नाही."

"मग दे इकडे."

त्यांनीच लावला. मी हिसकायला गेले, तर एका हातानं मला लांब धरलं.

"नमस्कार. मी तिची थोरली जाऊ," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "लाजते हो ती खरं सांगायला. फार छळलंय मी तिला. कागद? मीच जाळायचे... हो हो, लिहील ती. कशी लिहीत नाही, बघतेच मी!"