शाब्बास, पुढे चला

टॅबलेटवर गणित शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करायला संशोधक बाई शाळेत आल्या, तेव्हा एका मुलीचा निकाल जवळजवळ लागलेलाच होता. तिची उत्तरं सारखी चुकत होती आणि यंत्राच्या हिशेबाने सोमवारपासून तिची रवानगी कच्च्या गटात व्हायची होती. तिकडे एकदा गेलेलं मूल सहसा परत येत नाही, हे बाईंच्याच आधीच्या संशोधनात निघालं होतं. त्यामुळे त्यांच्या जिवाला घोर लागला.

मुलीला सगळे भुंगा म्हणत. हे नाव तिच्या मामाने ठेवलेलं, कारण ‘का’ विचारून विचारून ती घरादाराचं डोकं खायची. गणिताचे सर म्हणाले, तोंडी विचारलं की पोरगी फाडफाड उत्तरं देते, स्क्रीनसमोर बसली की माती खाते. यंत्र कशाला खोटं बोलेल, असंही ते वर म्हणाले, पण त्यात फारसा दम नव्हता.

असलं कोडं पडलं की बाईंना जेवण सुचत नसे. डबा तसाच ठेवून त्या भुंग्याच्या शेजारी जाऊन बसल्या. सहाला अर्ध्याने भागायचं होतं. मुलीने कच्च्या कागदावर बारा लिहिलं, खाली रेघ मारली आणि स्क्रीनवर खुशाल तीनवर बोट टेकवलं.

“अगं, बरोबर आलं होतं की तुझं.”

“माहितीये. पण बरोबर दाबलं की ते नुसतं ‘शाब्बास, पुढे चला’ म्हणतं. चुकलं की का चुकलं ते चित्र काढून सांगतं.”

स्क्रीनवर सहा पट्ट्या आल्या आणि एकेक मधोमध कापली गेली. भागल्यावर आकडा वाढतो कसा, ते बाईंना या वयात पहिल्यांदा दिसलं. उलटं करून गुणायचं, एवढं घोकून त्यांनी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. त्यांना त्या पोरीचा चक्क हेवा वाटला.

अशाने तुला कच्च्या गटात टाकतील, असं त्यांनी तिला समजावलं. भुंग्याने जरा विचार केला.

“तिथे चित्रं जास्त असतात का?”

बाईंनी सरांना गाठून सगळं सांगितलं. सर आधी पोट धरून हसले. मग त्यांनी तिथल्या तिथे तिचं गट बदलणं रद्द केलं. पण टॅबलेट खाली ठेवता ठेवता त्यांचा चेहरा उतरला.

“बाई, मग याआधी आपण कुणाकुणाला पाठवलं?”

बाई व्हरांडा ओलांडून कच्च्या गटाच्या खोलीत गेल्या आणि दाराजवळच्या बाकावर बसल्या. तिथल्या मुलाने नुकतंच एक चुकीचं उत्तर दाबलं होतं.

“हेच का दाबलंस रे?” त्यांनी विचारलं, आणि तो काय सांगतो ते ऐकायला वाकल्या.